सिस्टर, काउंट बरोबर?

हल्ली ऑपरेशनला हात घालण्यापूर्वी थिएटरातला प्रत्येक जण आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगतो. सर्जन सांगतात, भूल देणारी डॉक्टर सांगते, स्क्रबला उभी असलेली सिस्टर सांगते, सिलिंडर बदलायला आलेले मामाही सांगतात. मग रुग्णाचं नाव, ऑपरेशन कोणतं, बाजू उजवी की डावी, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, रक्ताची सोय झाली का, हे एकेक करून बोललं जातं आणि त्यानंतरच सुरी पुढे केली जाते. नव्या मुलामुलींना यात विशेष काही वाटत नाही. मामांनी आपलं नाव सांगितलं की मला मात्र अजून भरून येतं. मी ज्या थिएटरांमध्ये वाढले तिथे मोठ्याने बोलायचा अधिकार एकाच माणसाला होता.

मी पुण्याच्या बी. जे. मेडिकलला १९७३ साली दाखल झाले. ससूनची दगडी इमारत, उंच छतं, सकाळी नऊला सुरू होणारी क्लिनिक्स. भूलशास्त्र घ्यायचं मी ठरवलं तेव्हा घरच्यांना ते फारसं रुचलं नव्हतं, कारण त्या डॉक्टरच्या नावाची पाटी कुठे लागत नाही. मला त्यातलं एकच कळत होतं. झोपवण्यापूर्वी रुग्ण शेवटचं बोलतो ते आमच्याशी, आणि त्यानंतर त्याच्या वतीने बोलायची जबाबदारी आमच्यावर येते. हे असं शब्दांत मला तेव्हा मांडता आलं नसतं. आमच्या सरांकडे बघून ते जाणवत होतं एवढंच.

सर आदल्या संध्याकाळी वॉर्डात जायचे. खाटेच्या कडेला बसून विचारायचे, दात हलतो का, कवळी आहे का, मिश्री लावता का, जिना चढताना दम लागतो का, घरी कोण कोण आहे. शेवटचा प्रश्न केस पेपरवर कुठेच नसायचा, पण तो चुकला नाही कधी. दुसऱ्या दिवशी थिएटरात तीच बाई घाबरलेली असली की सर तिच्या धाकट्या मुलाचं नाव घेऊन बोलायला लागत आणि बोलता बोलता सुई शिरेत गेलेली असे. ऑपरेशन संपल्यावर ती डोळे उघडून स्वतःचं नाव सांगेपर्यंत सर स्ट्रेचरजवळून हलत नसत. बाहेर पुढची केस खोळंबलेली असो की कोणाचा फोन आलेला असो.

यंत्रं म्हणावीत अशी तेव्हा फार नव्हतीच. बॉइल्स मशीन, काळी रबरी पिशवी, पुन्हा पुन्हा धुऊन वापरलेल्या लाल रबरी नळ्या. थायोपेन्टोनची पिवळी पूड डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची, भरलेल्या सिरिंजवर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर बॉलपेनने नाव घालायचं. डावा हात सतत पिशवीवर. फुप्फुसं किती सैल आहेत, रुग्ण स्वतःचा श्वास घ्यायला लागला का, औषधाचा जोर उतरतोय का, हे त्या पिशवीच्या ताणावरून हाताला कळायचं. उजव्या हाताचं बोट कानासमोरच्या नाडीवर. छातीवर प्लास्टरने चिकटवलेला स्टेथोस्कोप आणि त्याची लांब नळी आपल्या एका कानात. दर पाच मिनिटांनी रक्तदाब घेऊन कागदावर ठिपका. तासन् तास असं बसल्यावर त्या माणसाच्या श्वासाशी आपला श्वास जुळायला लागतो, हे मी अनुभवाने सांगते. आजच्या मुलांना हे सांगताना माझा आवाज थोडा वर चढतो, आणि चढावाच. तो हात आम्हाला कमवावा लागला होता.

सर म्हणायचे, आपल्याकडच्या माणसांची नखं बघू नका, जीभ बघा. सावळ्या कातडीवर निळसरपणा दिसत नाही, जिभेवर तो लवकर कळतो. सल्ला अगदी खरा होता. पण त्या कौशल्याची मर्यादाही इथेच सांगायला हवी, नाहीतर मी माझ्या तरुणपणाचं नुसतं कौतुक केल्यासारखं होईल. जीभ निळी दिसते तोवर रक्तातला प्राणवायू फार खाली गेलेला असतो. रक्तक्षय झालेल्या बाईच्या बाबतीत तर ती निळी पडेलच असं नाही, कारण निळं दिसायला लागणारं हिमोग्लोबिनच तिच्याकडे पुरेसं नसतं. आणि आमच्या टेबलावर येणाऱ्या बायकांत रक्तक्षय नसलेली विरळाच. कधी कधी सर्जन म्हणायचे, रक्त काळं दिसतंय हो. तो आमचा शेवटचा इशारा. त्याच्या आत काय काय होऊन गेलेलं असायचं ते आमच्या बोटांना कधीच कळलेलं नसायचं.

त्या काळची शांतता आठवते. राउंडला आम्ही हुद्द्याप्रमाणे उभे राहायचो: बॉस, मग लेक्चरर, रजिस्ट्रार, हाऊसमन, इंटर्न आणि शेवटी विद्यार्थी. प्रश्न वरून खाली यायचे, खालून वर जायची ती उत्तरं. आमचे सर प्रेमळ होते, पण त्यांनाही कोणी म्हणू शकलं नसतं की सर, जरा थांबा. आम्हाला त्यात अन्याय वाटत नव्हता. मोठ्यांना टोकू नये हे घरी शिकलो होतो आणि शिक्षणाने ते अधिकच पक्कं केलं. ज्याला जास्त येतं त्याचं ऐकायचं यात चूक काय, असंच वाटायचं.

फक्त एक माणूस त्या शांततेत बोलायचा, आणि ती म्हणजे थिएटर सिस्टर. पोट उघडायच्या ऑपरेशनात रक्त टिपायला मॉप आणि गॉज आत जातात. भिंतीवर काळा फळा असायचा. त्यावर खडूने आत गेलेल्यांचा आकडा लिहिलेला. बाहेर आलेले रक्ताळलेले मॉप एका स्टँडवर ओळीने टांगायचे, म्हणजे मोजता येतात. पोट शिवायला घेण्यापूर्वी सर्जन विचारायचे, सिस्टर, काउंट बरोबर? आणि सिस्टर मान हलवेपर्यंत जगातला कितीही मोठा सर्जन टाका घालू शकत नसे. एकदा मध्यरात्री एक मॉप कमी भरला. बॉस दमलेले, चिडलेले. म्हणाले, सिस्टर, तुमचंच मोजताना चुकलं असेल. सिस्टर म्हणाल्या, सर, मी परत मोजलाय, एक कमी आहे, मी सुई देणार नाही. एवढंच. आवाज चढला नाही. बॉस पुन्हा आत शोधायला लागले आणि मॉप यकृताच्या मागे सापडला. त्या रात्री कोणी काही बोललं नाही, पण मी ते वाक्य जपून ठेवलं. सुई देणार नाही. एकाच गोष्टीपुरता का होईना, पण तिथे खालच्या माणसाला वरच्याला थांबवायचा हक्क होता, तो सगळ्यांना मान्य होता, आणि त्यामुळे एका माणसाचा जीव वाचला होता.

बाकीच्या गोष्टींबाबत तो हक्क कोणालाच नव्हता. नंतर मी मराठवाड्यात एका जिल्ह्याच्या गावी होते. एका तरुण शेतकऱ्याचं ऑपरेशन संपलं, स्नायू सैल ठेवणाऱ्या औषधाचा परिणाम उतरवायला उलटं औषध द्यायचं होतं. ट्रेमध्ये शेजारी शेजारी दोन डबे, त्यांत दोन औषधांच्या अँप्यूल. आकार एकच, काच एकच, छपाई पुसट. सिस्टरने घाईत भरलं ते पहिलंच औषध, उतरवणारं नव्हे. त्या वेळी मी पुढच्या टेबलापाशी होते, तिथून मला हाक मारून बोलावलं. येऊ लागलेला श्वास पुन्हा थांबला होता. व्हेंटिलेटर नव्हता. औषध उतरेपर्यंत आम्ही पाळीपाळीने हाताने पिशवी दाबत बसलो. तो वाचला आणि आठवड्याने चालत घरी गेला.

चौकशी झाली. चौकशीचा प्रश्न एकच: कोणी केलं? सिस्टरला मेमो मिळाला, तिची बदली झाली. ती त्या आधीच्या रात्रीही ड्युटीवर होती हे कोणी विचारलं नाही. ट्रे तसाच राहिला, डबे तसेच शेजारी शेजारी. आणि काही दिवसांनी थिएटरात काम करणाऱ्या मावशी मला हळूच म्हणाल्या, बाई, मला दिसलं होतं. तिने दुसऱ्या रंगाचं झाकण असलेल्या डब्यातून काढलं ते. पण डॉक्टर लोकांना आपण कसं सांगायचं?

मावशींचं शिक्षण चौथीपर्यंत. औषधाचं नाव त्यांना वाचता येत नव्हतं. पण रोज तोच डबा उघडताना बघून, कोणत्या वेळी कोणत्या डब्यातून काय निघतं हे त्यांना पाठ होतं. त्या खोलीतल्या सगळ्यांत एकटीला खरं काय ते दिसलं होतं, आणि तिला बोलायची जागा नव्हती. माझ्या पुढच्या सगळ्या कामाची सुरुवात तिथे झाली असं मी मानते.

त्या काळात परदेशी जर्नल्स जहाजाने यायची, काही महिने उशिरा. कॉलेजच्या ग्रंथालयात बांधून ठेवलेल्या जाड खंडांमध्ये मला जेफ्री कूपर यांचा १९७८ सालचा लेख सापडला. कूपर डॉक्टर नव्हते, बोस्टनमध्ये काम करणारे अभियंते होते. भूल देताना झालेल्या किंवा होता होता राहिलेल्या गफलतींबद्दल त्यांनी डॉक्टरांना बसवून बोलतं केलं. टाळता आल्या असत्या अशा घटनांपैकी ८२ टक्क्यांत माणसाच्या हातून झालेली चूक होती, यंत्राचा दोष जेमतेम १४ टक्क्यांत. एवढ्यावर थांबले असते तर तो लेखही आमच्या चौकशीसारखाच झाला असता. पण ते पुढे गेले. सिरिंज बदलली गेली ती का, श्वासाची नळी निसटली ती कोणाच्या लक्षात का आली नाही, माणूस किती थकलेला होता, काम अर्ध्यात एकाकडून दुसऱ्याकडे गेलं होतं का, हे त्यांनी विचारलं. मी तो लेख हाताने उतरवून घेतला. चूक कशी झाली हा प्रश्न कोणी इतक्या शांतपणे विचारू शकतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग १९८६ साल उजाडलं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डोळ्यातला आणि मेंदूवरचा दाब उतरवायला दिल्या जाणाऱ्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघालं. मूत्रपिंडं निकामी होऊन १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगापुढची साक्ष रोज वर्तमानपत्रांत यायची आणि आम्ही ती ड्युटी रूममध्ये मोठ्याने वाचायचो. त्या वाचनाने आमच्या पिढीला एक गोष्ट दाखवली. औषधाची बाटली रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचायला किती हात लागतात: खरेदी, परवाना, तपासणी, भांडार, वॉर्ड. यातल्या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी थांबवू शकलं असतं. वॉर्डातला हात फक्त शेवटचा.

दुर्दैवाने त्यानंतरच्या दशकात आपल्याकडे जे बदललं ते मुख्यतः भीतीपोटी. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तो निर्णय रुग्णांच्या बाजूने होता आणि योग्यच होता. पण रुग्णालयांनी त्याचा अर्थ कागद वाढवण्यापुरता घेतला. संमतिपत्रं लांबली, सह्या वाढल्या, आणि रुग्णमृत्यूंवर चर्चा करायच्या मॉर्टॅलिटी मीटिंगमध्ये आधी जे थोडंफार खरं बोललं जायचं तेही कमी झालं. कोण बोलेल, आणि उद्या ते कुठे जाईल? मला तेव्हा याचा फार त्रास व्हायचा. झालेली चूक सांगायला माणूस घाबरला की तीच चूक शेजारच्या वॉर्डात पुन्हा होते, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे.

अमेरिकेतले लहान मुलांचे सर्जन लुशियन लीप यांनी १९९४ साली वैद्यकातल्या चुकांवर लेख लिहिला, आणि १९९९ साली तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने सांगितलं की त्यांच्या रुग्णालयांत अशा चुकांनी वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसं दगावतात. आकड्यावर वाद झाले, होणारच होते. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाने हे स्वतःहून कबूल केलं. आमच्या खात्याच्या बैठकीत मी तो अहवाल घेऊन गेले तेव्हा पहिल्यांदाच कोणी हसलं नाही.

या सगळ्याच्या आगेमागे ऑक्सिमीटर आला. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने त्यामागचं तत्त्व १९७४ साली शोधलं होतं. आमच्यापर्यंत यंत्र पोचायला नव्वदचं दशक उजाडलं. सुरुवातीला सबंध थिएटर विभागाला एकच. कपाटात कुलपात, किल्ली सिस्टरकडे, लहान मूल किंवा गंभीर रुग्ण असेल तरच बाहेर. बोटाला चिमटा लावला की तो नाडीगणिक आवाज देतो, आणि प्राणवायू कमी होऊ लागला की तो सूर उतरत जातो. पाठ फिरवून उभं असलं तरी कानाला कळतं. पहिल्यांदा तो उतरता सूर ऐकला तेव्हा जीभ अजून लालच होती. ज्या जिभेवर मी इतकी वर्षं विसंबले होते ती किती उशिरा बोलते हे मला त्या क्षणी समोर दिसलं. त्या दिवसापासून मी जुन्या हातांचं कौतुक करते, पण त्यांच्यावर रुग्ण सोपवा असं कोणालाही म्हणत नाही. २०२० च्या साथीत तर तो चिमटा घराघरात गेला. माझे कुटुंब, माझी जबाबदारी या मोहिमेत आशाताई तो घेऊन वाड्या-वस्त्यांवर फिरल्या. एके काळी जे यंत्र कुलपात राहायचं ते आता त्यांच्या पिशवीत होतं.

आणि मग ती नाव सांगण्याची पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. ती करणाऱ्या गटाचं नेतृत्व अतुल गावंडे यांच्याकडे होतं. त्यांचं आडनाव वाचताच मला राहवेना, मी शोध घेतला. त्यांचे वडील आपल्याच उटी गावचे, यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडकडचे, शिकून अमेरिकेत सर्जन झालेले. उमरखेडला गावंडे यांच्या आजीच्या नावाचं महाविद्यालय आहे. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती यादी वापरून पाहिली, त्यात दिल्लीचं सेंट स्टीफन्सही होतं. २००९ च्या जानेवारीत निकाल छापून आले: ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून सातवर. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. कागदाचा एक ताव.

त्या यादीत मॉपचा काउंट आहेच. म्हणजे आमच्या सिस्टरचं सुई देणार नाही हे वाक्य आता जगभरच्या थिएटरांत लिखित झालं. पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो सगळ्यांनी नाव सांगण्याचा मुद्दा. सुरुवातीला अनेक ज्येष्ठ सर्जनांना तो पोरकट वाटला. आम्ही वीस वर्षं एकत्र काम करतो, नावं काय सांगायची? तेव्हा मी विचारायचे, सर, या मामांचं नाव काय? बहुतेकांना फक्त मामाच माहीत असायचं. ज्याने एकदा त्या खोलीत आपला आवाज ऐकला तो गरज पडली तर दुसऱ्यांदा बोलू शकतो. ज्याचं तोंड सकाळपासून उघडलंच नाही तो संकटाच्या क्षणी उघडेल ही आशा व्यर्थ आहे. मराठवाड्यातल्या त्या मावशींना त्या सकाळी कोणी नाव विचारलं असतं तर?

शिकवण्यातही हाच बदल हळूहळू आला. आमच्या वेळी पहिलं इंजेक्शन, पहिला टाका, पहिली नळी, सगळं जिवंत रुग्णावर, आणि तोही गरीब रुग्ण, कारण सरकारी रुग्णालयात दुसरं कोण येतं? याबद्दल आम्हाला कधी विचारायला शिकवलं नाही. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात २००५ पासून शिक्षकांना शिकवायचं कसं हे शिकवणारा फायमरचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि माझ्यासारख्या अनेक जणांना पहिल्यांदा समजलं की शिकवणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रमच बदलला. वृत्ती, नीती आणि संवाद हा विषय पहिल्या वर्षापासून आला. बाहेरच्या राज्यातून आलेल्या मुलांना सुरुवातीलाच इथली भाषा शिकवतात, म्हणजे आजीला पोटात कुठे दुखतं ते तिच्याच शब्दांत कळावं. स्किल लॅबमध्ये पुतळ्यावर दहादा चुकायची मोकळीक असते. हे सगळं मला आमच्या वेळी हवं होतं, असं मी वर्गात उघडपणे म्हणते.

मी निवृत्त झाले आहे, पण स्किल लॅबमध्ये अजून शिकवायला जाते. तिथे एक प्रसंग मी दर तुकडीला रचते. पुतळ्याचा रक्तदाब घसरतोय, मी प्रमुख डॉक्टर, आणि मी ठामपणे चुकीचं औषध मागते. बघायचं असतं कोण थांबवतं ते. आजही, २०१९ नंतरच्या अभ्यासक्रमात वाढलेली मुलं, पहिल्या खेपेला बहुतेक वेळा गप्प राहतात. सिरिंज भरून माझ्या हातात देतात. नंतर बसून बोलताना सोलापूरकडचा एक मुलगा म्हणाला, मॅडम, मला शंका आली होती, पण तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असणार. इतक्या वर्षांनी तीच शांतता, तीच आदराची पद्धत. मग मी त्यांना तेनेरिफच्या विमान अपघाताची गोष्ट सांगते. २७ मार्च १९७७, दाट धुकं, धावपट्टीवर समोर दुसरं विमान. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं की ते विमान बाजूला झालं का. ज्येष्ठ वैमानिकाने आपल्या खात्रीत उड्डाण चालूच ठेवलं, आणि ५८३ माणसं गेली. इंजिनिअर बोलला होता, पण प्रश्नाच्या सुरात. म्हणून मी मुलांना तीन पायऱ्या शिकवते. आधी म्हणा, मॅडम, मला याची काळजी वाटते. ऐकलं नाही तर म्हणा, मला हे बरोबर वाटत नाही, याचं कारण असं. आणि तरीही नाही तर स्पष्ट म्हणा, थांबा, रुग्णाला धोका आहे. अहो-जाहो सोडायची गरज नाही. ज्येष्ठाला मान देऊनही त्याचा हात धरता येतो.

गेलेल्या काळातलं काही परत यावं असं वाटतं का? हो, वाटतं, आणि मनापासून वाटतं. एकाच थिएटरात वीस वर्षं काढलेली सिस्टर आता दुर्मीळ झाली. कंत्राटावर आलेली मुलगी सहा महिन्यांत दुसरीकडे जाते, तिला डबे पाठ व्हायला वेळच मिळत नाही. इंटर्न मुलं नीट-पीजी परीक्षेच्या तयारीत अडकलेली, खिशातल्या फोनवर प्रश्न सोडवत, आणि वॉर्डातला रुग्ण त्यांना अडथळा वाटू लागतो. हे मुलांचं अपयश नाही. एका परीक्षेवर सगळं आयुष्य टांगलं तर कोणीही तेच करेल. निवासी डॉक्टरांनी सलग बारा तासांपेक्षा जास्त काम करू नये असा केंद्राचा निर्देश १९९२ सालचा आहे, आणि छत्तीस-छत्तीस तास जागलेली मुलं मी याच वर्षी पाहिली. थकलेला डॉक्टर चुकतो हे कूपर यांच्या लेखात होतं. आपल्याला ते कळायला आणखी किती लेख हवेत? आणि ती शस्त्रक्रियेची यादी! काही ठिकाणी ती दिवस संपल्यावर एकत्र बसून भरली जाते, सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा. तो कागद बघितला की मला संताप येतो. न उच्चारलेली यादी कोणाचंही रक्षण करत नाही. सर खाटेच्या कडेला बसायचे तेवढा वेळ आता कोणाकडे नाही असं म्हणतात. मला वाटतं वेळ आहे, तो कशासाठी द्यायचा हे ठरवणारी माणसं त्या खाटेपर्यंत येत नाहीत.

सध्या मी एका सरकारी कॉलेजात चुकांची नोंद करायच्या फॉर्मवर काम करते आहे. नोंद करणाऱ्याचं नाव ऐच्छिक, शिक्षेचा प्रश्न नाही, फक्त काय झालं किंवा होता होता राहिलं एवढं. तो फॉर्म पहिल्यांदा आला तेव्हा सबंध इंग्रजीत होता, आणि दोन वर्षं तो फक्त डॉक्टरांनी आणि थोड्या सिस्टरांनी भरला. आम्ही तो मराठीत केला, मोठ्या टायपात, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी सांगून लिहून घेण्याची सोय ठेवली. वर्ग चारच्या कर्मचाऱ्यांची स्वतंत्र बैठक घेतली. पहिले दोन महिने काहीच आलं नाही. मग एका मावशींनी सांगून लिहून घेतलेला कागद आला. रात्री ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायची चावी सापडत नाही, शोधण्यात वेळ जातो, परवा एका बाळाच्या वेळी फार वेळ गेला. डॉक्टरांच्या एकाही फॉर्ममध्ये ही गोष्ट आलेली नव्हती, कारण चावी शोधायला त्यांना कधी जावंच लागत नाही. त्याच आठवड्यात बालरोग वॉर्डातल्या ट्रॉलीला चावी साखळीने बांधली. मावशींना मी जाऊन सांगितलं की तुमच्या कागदामुळे हे झालं. त्यांनी लगेच विचारलं की प्रसूती वॉर्डाचं काय, तिथेही तेच होतं. तिथल्या साखळीचा अर्ज भांडारात आहे आणि सोमवारी मी पुन्हा विचारायला जाणार आहे, मावशींना बरोबर घेऊन.